सिस्टीमला आधी ‘का’ विचार

तुझ्या विभागात इंजेक्शनचं फॉर्म्युलेशन सुचवणारी सिस्टीम आली आणि पहिलाच मॉलिक्यूल तुझ्या हातात दिला, हे ऐकून फार बरं वाटलं. ‘काका, हिच्यावर कितपत विसंबायचं?’ असं तू विचारलंस. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून बसून लिहितोय. वेळ काढून वाच. पटेल ते वहीत उतरव, न पटेल तिथे मला अडव.

आधी एक गोष्ट पक्की धर. गोळीत थोडं इकडेतिकडे झालं तर शरीराच्या हाती काही उपाय असतात. उलटी होते, पोटातलं आम्ल काही निस्तरतं, आतड्यातून शोषलं गेलेलं आधी यकृतातून जातं. शिरेत दिलेल्या औषधाच्या वाटेत यातलं काहीच नसतं. व्हायलमध्ये जे आहे ते पुढच्या मिनिटाला हृदयात पोचतं. औषध, बफर, रबरातून उतरलेलं काही, काचेचा कण, मेलेल्या जंतूच्या भिंतीचा तुकडा, सगळंच. त्यामुळे गोळ्यांच्या विभागात ‘बघू, पुढच्या ट्रायलला सुधारू’ म्हणून चालून जातं, तसं आपल्याकडे चालत नाही. सिस्टीम वापरतानाही हे डोक्यात ठेवूनच बस.

या सिस्टीम नव्या नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी मायसिन नावाचा प्रोग्रॅम केला. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कुठलं अँटिबायोटिक द्यावं, किती द्यावं, हे तो सुचवायचा. आत काहीशे नियम, सगळे ‘असं असेल तर तसं कर’ या घाटाचे. रोजच्या इलाजात तो कधी रुळला नाही, पण त्यातली एक सोय मला आजही मोलाची वाटते. प्रोग्रॅमनं प्रश्न विचारला की डॉक्टर उलट ‘व्हाय’ असं टाइप करू शकायचा, आणि प्रोग्रॅम आपला नियम उघडून दाखवायचा. आपल्या देशात अहमदाबादच्या कॅडिला लॅबोरेटरीजनं प्रोलॉग या भाषेत गोळ्यांसाठी सिस्टीम केली होती. त्यावरचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये झेनेका कंपनीत रे रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गोळ्यांसाठी आणि मग इंजेक्शनसाठी सिस्टीम उभारली. इंजेक्शनच्या सिस्टीमबद्दल त्यांनी १९९५ साली पॅरेंटरल ड्रग असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं. कपाटातल्या फायली आणि अनुभवी माणसांच्या डोक्यात विखुरलेलं ज्ञान एका जागी आणायचं आणि नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून उपलब्ध करून द्यायचं, हा या साऱ्या खटाटोपामागचा विचार. मला तो तेव्हाही योग्य वाटला होता, आजही वाटतो. आमच्या पिढीतले कितीतरी उत्तम फॉर्म्युलेटर निवृत्त झाले आणि त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांच्यासोबत घरी गेलं. कंपनीकडे उरले ते फक्त बीएमआर, म्हणजे बॅच बनवल्याच्या नोंदी. बीएमआरमध्ये काय केलं ते असतं, काय करून पाहिलं आणि का सोडलं ते नसतं.

आता कामाचं.

कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर तुझा स्वतःचा अंदाज लिही. औषधाचा पीकेए बघ, रचना बघ. एस्टर आहे का, अमाइड आहे का, बीटा-लॅक्टम आहे का, कॅटेकॉल आहे का? पाण्यात तुटेल, की हवेनं जाईल, की उजेडानं? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या काळापासून पेनिसिलिन कोरड्या पावडरच्या रूपात व्हायलमध्ये भरतात आणि देताना पाणी घालतात. ते बीटा-लॅक्टमचं कडं पाण्यात उघडतं म्हणूनच. एवढं तुला संगणकाशिवाय सुचलं पाहिजे. अर्ध्या पानाचा अंदाज पुरे, पण तो आधी लिहिलेला असू दे. नाहीतर स्क्रीनवरचं उत्तर आलं की आपल्यालाही तेच वाटत होतं असं मनाला वाटायला लागतं.

मग माहिती भरायला बस, आणि इथे घाई अजिबात करू नकोस. सिस्टीमची बहुतेक वाईट उत्तरं नियमांमुळे आलेली नसतात, भरलेल्या आकड्यांमुळे आलेली असतात. विद्राव्यतेचा एक रकाना असतो. तू त्यात १२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं लिहिलंस. कुठल्या तापमानाला? २४ तास शेकरवर ठेवून, की बीकरमध्ये पाच मिनिटं ढवळून? शेवटचा पीएच मोजला का? औषध स्वतःच पीएच हलवतं, त्यामुळे सुरुवातीचा पीएच आणि शेवटचा पीएच एक नसतात. तळाशी उरलेल्या गाळाचा एक्सआरडी करून घेतला का? बऱ्याचदा सॉल्ट टाकलेलं असतं आणि खाली बसलेला असतो मोकळा बेस किंवा हायड्रेट. मग तो १२ चा आकडा भलत्याच पदार्थाचा असतो. हे सगळं त्या एका रकान्यात मावत नाही म्हणून जोडपत्र लाव, पण आकडा एकटा सोडू नकोस.

रकान्यात भरायला माहिती नसेल तर तो रिकामा ठेव आणि सिस्टीम रिकाम्या रकान्याचं काय करते ते बनवणाऱ्याला विचारून घे. काही सिस्टीम थांबतात, काही स्वतःहून एखादा ठरावीक आकडा धरून पुढे जातात. दुसऱ्या प्रकारच्या सिस्टीमपासून सावध राहा. ऑक्सिजनचा परिणाम तपासलाच नाही, तर ‘परिणाम नाही’ असं उत्तर देऊ नकोस. न तपासणं आणि परिणाम नसणं यांत रुग्णाच्या जिवाएवढं अंतर आहे.

औषध कुठल्या मार्गानं देणार, हा रकाना सगळ्यात वर असतो आणि लोक तो सगळ्यात कमी लक्ष देऊन भरतात. शिरेत, स्नायूत, त्वचेखाली, की पाठीच्या कण्यात? बाकीची सगळी उत्तरं यावर फिरतात. त्वचेखाली साधारण एक-दोन मिलिलिटरच्या पुढे जायला सहसा कुणी धजत नाही. एंडोटॉक्सिनची, म्हणजे त्या मेलेल्या जंतूच्या भिंतीच्या तुकड्यांची, मर्यादा शिरेसाठी दर किलोला तासाला ५ युनिट आणि कण्यात द्यायच्या औषधासाठी ०.२ युनिट. कण्यातल्या औषधात प्रीझर्व्हेटिव्ह नकोच. आणि रुग्ण कोण? १९८२ साली अमेरिकेत नवजात बाळांचे मृत्यू समोर आले. नळी धुवायला वापरलेल्या सलाइनमध्ये बेंझिल अल्कोहोल होतं. मोठ्या माणसाचं शरीर ते सहज निस्तरतं, कमी दिवसांच्या बाळाला ते जमत नाही. तुझी सिस्टीम रुग्णाचं वय विचारत नसेल तर तो प्रश्न तिच्यात घालून घेण्यासाठी पहिल्याच आठवड्यात मागणी कर.

आता ‘का’कडे येतो. सिस्टीमनं सुचवलेल्या प्रत्येक घटकामागचा नियम उघडून बघायचा. त्याचा प्रिंट घेऊन वहीला जोडायचा. आणि तो नियम या औषधाला खरंच लागू पडतो का, हे स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहायचं. कंटाळवाणं वाटेल, तरी कर. याचा उपयोग काय, ते फेनिटॉइनवरून सांगतो.

फेनिटॉइन हे फिटचं जुनं औषध. दुर्बल आम्ल, पीकेए ८.३ च्या आसपास, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. आता नियम चालव. दुर्बल आम्ल असेल तर पीएच वाढव. किती? पुरेसं विरघळेपर्यंत. म्हणून पीएच १२ च्या घरात गेला. तरीही ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर गाठायला आणि टिकवायला ४० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल आणि १० टक्के अल्कोहोल घालावं लागलं. प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबर आहे. पण हाती काय आलं बघ. शिरेबाहेर गळलं तर हात काळानिळा पडून सुजतो, ऊतक मरूही शकतं. भराभर दिलं तर रक्तदाब पडतो, हृदयाची लय बिघडते, म्हणून मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. स्नायूत दिलं तर तिथेच स्फटिक होऊन बसतं. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं तर पीएच उतरतो आणि नळीत गाळ दिसतो. हे औषध अनेक दशकं असंच वापरलं गेलं, आणि त्यानं असंख्य लोकांच्या फिट थांबवल्या, हेही खरं.

उत्तर कुठून आलं? बफर बदलून नाही, कोसॉल्व्हंटचं प्रमाण बदलूनही नाही. रसायनशास्त्रज्ञांनी फेनिटॉइनच्या रेणूलाच फॉस्फेटचा गट जोडला. फॉसफेनिटॉइन पाण्यात सहज विरघळतं, पीएच ९ च्या आत राहतो, प्रोपिलीन ग्लायकॉल लागत नाही आणि शरीरातले फॉस्फेटेज एन्झाइम तो गट काढून मूळ औषध मोकळं करतात. १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आता विचार कर. ‘या औषधाचं इंजेक्शन कसं करू?’ असं विचारलंस तर सिस्टीम तिच्या नियमांच्या आतलंच उत्तर देणार, आणि तो तिचा दोष नाही. ‘हाच रेणू का?’ हा प्रश्न तिला कुणी शिकवलेला नसतो. पण नियमांची साखळी उघडून बघितलीस तर पीएच १२ पाशी तुझं बोट थांबेल, आणि तिथून तू उठून केमिस्ट्रीच्या टेबलावर जाशील. फक्त शेवटचं फॉर्म्युलेशन वाचलंस तर नाही जाणार. मी ‘का’ विचारायला सांगतो ते एवढ्यासाठी.

नियमांचे आपसांत खटके उडतात, तेही बघायला शीक. टॉनिसिटीचा नियम म्हणतो, कमी पडलं तर सोडियम क्लोराइड घाल. हा बहुतेक वेळी बरोबर असतो. अँफोटेरिसिन बीच्या जुन्या, डीऑक्सिकोलेटवाल्या इंजेक्शनला मात्र सलाइन चालत नाही, लगेच गाळ होतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. फेनिटॉइनला डेक्स्ट्रोज चालत नाही, याला सलाइन चालत नाही. ऑक्सिडेशनचा नियम म्हणतो मेटाबायसल्फाइट घाल, आणि अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये ते घालतातही, पण सल्फाइट त्याच औषधाशी हळूहळू संयोगही करतं. म्हणजे हवेपासून जे वाचवलं त्यातलं थोडं रक्षकानंच नेलं. किती घालायचं याचा तोल तुला प्रयोगानंच सापडेल.

लायोचं, म्हणजे गोठवून वाळवण्याचं, उदाहरण तर प्रत्येक नव्या माणसाला मी सांगत असे. द्रावणात औषध पीएच ७ ला छान टिकतं, सिस्टीम सोडियम फॉस्फेट बफर सुचवते, तुला ते योग्यच वाटतं. मग द्रावण टिकत नाही म्हणून लायोफिलायझेशन ठरतं आणि बफरचा निर्णय मात्र तसाच पुढे येतो. व्हायल गोठायला लागली की डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि न गोठलेल्या थोड्याशा द्रावणाचा पीएच ७ वरून ४ च्या आसपास घसरू शकतो. प्रोटीन असेल तर त्याची घडी तिथेच बिघडते. केक मात्र पांढराशुभ्र, डौलदार दिसतो. म्हणून प्रोसेस बदलली की आधीचे सगळे निर्णय परत चालवायचे. सिस्टीममध्ये ‘गोठवणार का?’ हा प्रश्न बफरच्या आधी यायला हवा. तुझ्याकडे तो नंतर येत असेल तर क्रम बदलून घे.

निर्जंतुकीकरणाचा क्रम तर मोडूच नकोस. आधी विचारायचं, भरलेली, बंद केलेली व्हायल १२१ अंशांना १५ मिनिटं सोसेल का? सोसत नसेल तर कमी उष्णतेत एफ-शून्य ८ च्या वर मिळेल का? तेही नसेल तरच गाळून, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, अ‍ॅसेप्टिक भरण. युरोपच्या नियामकांनी हा उतरता क्रम कागदावर घालून दिलाय. काही सिस्टीममध्ये ‘औषध उष्णतेला नाजूक’ असं एकदा टिचकी मारलं की थेट अ‍ॅसेप्टिक येतं. नाजूक म्हणजे किती? ऑटोक्लेव्हनंतर अर्धा टक्का अशुद्धी वाढत असेल आणि ती विषारी नसेल, तर अ‍ॅसेप्टिकच्या जोखमीपेक्षा ती बरी असू शकते. आधी व्हायल ऑटोक्लेव्हमध्ये घालून बघ, मग टिचकी मार.

द्रावणाबाहेरच्या जगाबद्दलही सिस्टीमला विचारायला लाव. काच कुठली, स्टॉपर कुठला, हे तर आलंच. सायट्रेट किंवा फॉस्फेट असेल, पीएच वरच्या बाजूला असेल, तर बोरोसिलिकेट काचेतूनही चकचकीत पापुद्रे सुटू शकतात. पण व्हायलच्या पुढेही औषधाचा प्रवास असतो. नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीच्या सेटमध्ये शोषलं जातं, रुग्णाला डोस कमी मिळतो. पॅक्लिटॅक्सेलच्या जुन्या फॉर्म्युलेशनमधलं क्रेमोफोर पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर ओढून घेतं. नर्स कुठल्या बाटलीत घालणार, कुठल्या नळीतून देणार, किती तास लटकत ठेवणार, हे विचारायला एकदा वॉर्डमध्ये जाऊन ये. प्रत्यक्ष जा. ईमेलनं विचारलंस तर पुस्तकातलं उत्तर येतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. सिस्टीममध्ये अपयशं भर. यशस्वी फॉर्म्युलेशनचा डेटाबेस सगळे करतात, कारण तो फाइलमधून आयता मिळतो. पण जाणकार माणूस जाणकार असतो तो काय चालत नाही हे ठाऊक असल्यामुळे. सोडून दिलेल्या प्रत्येक ट्रायलचं एक पान भर. काय घातलं, काय दिसलं, कधी दिसलं, का सोडलं. ‘फेल’ एवढाच शब्द लिहू नकोस. ‘तिसऱ्या महिन्यात ४० अंशांच्या चेंबरमध्ये पिवळेपणा, नायट्रोजनखाली भरलेल्या व्हायलमध्ये नाही’ असं लिही. यातून पुढच्याला नियम बनवता येतो. आणि हे त्याच आठवड्यात कर. प्रोजेक्ट संपल्यावर सोडलेल्या वाटा कुणालाच आठवत नाहीत.

दुसरं, नियम गोळा करायला फक्त पीएचडीवाल्यांकडे जाऊ नकोस. एकदा पॉलिसॉर्बेट असलेलं एक द्रावण भरताना आमच्याकडे फेस यायचा, आणि व्हायलमधलं माप कमीजास्त व्हायचं. आरअँडडीनं पॉलिसॉर्बेट कमी करायचा विचार चालवला होता. फिलिंगवरचे एक जुने ऑपरेटर म्हणाले, “साहेब, नोझल वरून धार सोडतंय म्हणून फेस होतोय. खाली तळाशी नेऊन भरत भरत वर उचला.” तसं केलं आणि फेस थांबला. फॉर्म्युलेशनला हात लावावा लागला नाही. ‘सरफॅक्टंट असेल तर तळातून वर भरण’ हा नियम सिस्टीममध्ये असायला हवा. पण तो ठाऊक असलेल्या माणसाला सिस्टीमच्या मीटिंगला कुणी बोलावत नाही. तू बोलव. त्यांना अवघडल्यासारखं होत असेल तर मशीनपाशी उभी राहून विचार. नोंद करताना नियमापुढे त्यांचं नाव टाक.

यंत्रानं दिलेला इशारा आपल्याला गैरसोयीचा असला की यंत्रच बिघडलंय असं म्हणायची सवय फार जुनी आहे. १९७२ साली इंग्लंडमध्ये प्लिमथमधल्या डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात डेक्स्ट्रोजच्या दूषित बाटल्यांमुळे रुग्ण दगावले. त्याची चौकशी क्लोथियर समितीनं केली. ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण बाहेर गेली नव्हती, त्यामुळे तळाच्या थरातल्या बाटल्यांना जंतू मरण्याइतकं तापमान मिळालंच नाही. तापमान नोंदवणाऱ्या यंत्रात ते दिसत होतं. त्या नोंदीचंच काहीतरी चुकलंय असं धरून बाटल्या पुढे गेल्या. आपल्या धंद्यातल्या प्रत्येकानं हा अहवाल एकदा तरी समजून घ्यावा. सिस्टीमनं लाल खूण दाखवली आणि तुला ती चूक वाटली, तर बाजूला सारायचा अधिकार तुला असू दे, पण कारण लिहून, सही करून, दुसऱ्या माणसाला दाखवून. ‘सेन्सरची अडचण’, ‘डेटाची अडचण’ हे कारण पुराव्याशिवाय लिहायचं नाही.

उलट दिशेनंही सांगतो. हिरवी खूण म्हणजे परवानगी नव्हे. एरिथ्रोपोएटिनच्या एका उत्पादनात १९९८ च्या सुमारास मानवी अल्ब्युमिन काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट ८० घातलं गेलं. हेतू चांगला होता, माणसाच्या रक्तातला घटक टाळायचा होता. पॉलिसॉर्बेट नेहमीचं, मान्य, अनेक इंजेक्शनांत असलेलं द्रव्य. कुठल्याही नियमावलीनं ते अडवलं नसतं. पुढच्या काही वर्षांत किडनीच्या काही रुग्णांमध्ये लाल पेशी तयार होणंच थांबलं, कारण शरीर स्वतःच्याच एरिथ्रोपोएटिनविरुद्ध अँटिबॉडी करू लागलं. प्रीफिल्ड सिरिंजच्या कोटिंग नसलेल्या रबरातून पॉलिसॉर्बेटनं काही द्रव्यं ओढून घेतली असावीत, हा एक संशय. साठवणीपासून देण्याच्या मार्गापर्यंत इतर कारणंही पुढे आली. रबराला कोटिंग आलं, किडनीच्या रुग्णांना त्वचेखाली देणं थांबवलं गेलं, प्रकरणं घटली. घटक एकेकटा सुरक्षित असला तरी तो, रबर, मार्ग आणि रुग्ण अशी सगळी जुळणी सुरक्षित आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून सिस्टीममधल्या प्रत्येक नियमाला तारीख हवी, तो कुणी घातला, कुठल्या पुराव्यावर घातला हे हवं, आणि दर काही काळानं कुणीतरी तो परत वाचायला हवा.

हल्ली नियमांऐवजी डेटावरून शिकणारी मॉडेल येतायत, आणि साध्या भाषेत बोलणारीही. त्यांना दूर ठेव असं मी म्हणणार नाही. हजारो ट्रायलमधला धागा शोधायला ती उपयोगी पडतात. पण नियमाची सिस्टीम ‘का’चं उत्तर तिचा नियम दाखवून देते. शिकलेलं मॉडेल तसं देईलच असं नाही, आणि बोलणारं साधन तर ओघवत्या भाषेत कारण रचूनही सांगू शकतं. तिथे कारण मागू नकोस, पुरावा माग. फार्माकोपियातलं मोनोग्राफ, प्रयोगाचा आकडा, छापलेला लेख. स्वतः उघडून वाचल्याशिवाय त्याचा संदर्भ रिपोर्टमध्ये घालू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण क्यूएवाले तुला ते सांगतीलच. अमेरिकेचा पार्ट ११ १९९७ पासून आहे, आपलं सुधारित शेड्यूल एमही संगणकीय नोंदींबद्दल बोलतं. सिस्टीमची कुठली आवृत्ती वापरली ते प्रत्येक रिपोर्टवर लिही. आज नियम बदलला आणि मागच्या महिन्याचा सल्ला कुठल्या नियमांवर होता हेच कळलं नाही, तर ऑडिटच काय, तुलाही काही सांगता येणार नाही. नियम बदलायचा हक्क एका माणसाकडे नसावा.

शेवटी, नवा मॉलिक्यूल घालण्याआधी सिस्टीमची परीक्षा घे. बाजारात वर्षानुवर्षं असलेली, फॉर्म्युला जाहीर असलेली चार-पाच इंजेक्शनं निवड. एक सोपं, एक अँफोटेरिसिनसारखं हट्टी, एक लायो, एक फेनिटॉइनसारखं, एक प्रोटीन. नावं न सांगता फक्त गुणधर्म भर आणि ती काय सुचवते ते बघ. बाजारातल्यासारखंच आलं तर ठीक, पण खरी शिकवण फरकात मिळेल. फरक कुठल्या नियमामुळे आला, तो नियम चुकीचा आहे की बाजारातल्या फॉर्म्युल्यामागे सिस्टीमला न सांगितलेलं काही कारण आहे, ते शोध. या परीक्षेचे कागद तुझ्या बॉसला दाखव, मग मॉलिक्यूल घे.

आणि पहिली लॅब बॅच झाली की पीएच लगेच घे, २४ तासांनी घे, ऑटोक्लेव्हनंतर घे. व्हायल स्वतःच्या हातांनी काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर फिरवून बघ. घाईनं हलवू नकोस, बुडबुडे कणांसारखे दिसतात. दोन-तीन व्हायल सलाइनमध्ये आणि डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करून रात्रभर ठेव आणि सकाळी आधी त्या बघ, स्क्रीन नंतर उघड. आकडे मला पाठव, सिस्टीमनं वर्तवलेले आणि तू मोजलेले शेजारी शेजारी लिहून.